शिट्टीचा बाजार

खुशालराव माळीपुऱ्यातले. दर्यापूरच्या अलीकडे, काळ्या मातीत बसलेलं त्यांचं गाव. नाव सांगत नाही, कारण तिथली नातवंडं अजून भांडायला खमकी आहेत. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पिकवून विकणारं घर. भाजीवाल्यांनीच मतं देऊन त्यांना म्युनिसिपालटीत मेंबर म्हणून पाठवलं, तेव्हा माळीपुऱ्यात गुलाल उधळला होता. माणूस सरळ आणि कामसू. खोड एकच, घोळ म्हणून त्यांना खपत नसे. आणि गावचा बाजार म्हणजे नुसता घोळ होता: वाटेत आडव्या बैलबंड्या, पायाखाली कुजका पाला, जागेवरून रोजची हमरीतुमरी.

युरोपात हुकूमशहांचा बोलबाला होता ते दिवस. खुशालराव अमरावतीला एका व्याख्यानाला गेले. इटली पाहून आलेल्या एका बॅरिस्टरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. झाडून काढलेले चौक, आखल्यासारख्या रांगा. तिथं शिट्टी वाजली की बाजार जागच्या जागी बसतो, असं त्यांनी सांगितलं. खुशालराव हरखले. परतीच्या मोटारीत शेजारचा माणूस कापसाच्या भावाबद्दल बोलत होता, त्याला त्यांनी धड उत्तरही दिलं नाही.

पुढच्याच मिटिंगीत त्यांनी ठराव मांडला. सकाळी शिट्टी वाजेल. शिट्टीला जागेवर माणूस नसेल, तर जागा दुसऱ्याला. ओळीबाहेरचा माल जप्त. आणि याबाबत कोणाचीही तक्रार ऐकली जाणार नाही. हे शेवटचं कलम खास त्यांचं, कारण ऐकत बसलं की पुन्हा घोळ आलाच.

वामनराव वकिलांनी हरकत घेतली. ही राज्य करणाऱ्याच्या लहरीची रीत आहे, इथं आपण निवडून आलेली माणसं आहोत, असं त्यांचं म्हणणं.

"बियाणं चांगलं असलं की पेराचं," खुशालराव म्हणाले. "ते कोणाच्या घरचं हाय, हे काहून पाहाचं?"

तिथं इटलीत चुकून कोणाचं टोपलं उचललं गेलं तर तो माणूस कोणाकडे जातो, असं वामनरावांनी विचारलं. बॅरिस्टरांनी ते सांगितलं नव्हतं आणि खुशालरावांनी विचारलं नव्हतं. हात वर झाले, ठराव रीतसर मंजूर झाला.

बाजार खरंच सुधारला, हे कबूल करायला हवं. गिऱ्हाईक खूश, साहेब खूश. चप्पल न भरता भाजी घेता येते म्हणून बायका खुशालरावांना दुवा देत. बाजारातून फिरताना त्यांची छाती थोडी पुढे येऊ लागली होती.

आता त्या बाजाराची एक जुनी रीत होती. कोणी आजारपणाला, बाळंतपणाला, सुतकाला अडकलं, तर त्याच्या जागेवर रिकामं टोपलं पालथं घालून ठेवायचे. मग कितीही दिवस जावोत, त्या जागेवर कोणी बसत नसे. शेजारची बाई रोज तेवढं झाडून पाणी शिंपडायची. खुशालराव पोरवयात विषमज्वरानं अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांची माय सगळा पावसाळा बाजारात आली नव्हती. तिची जागा राखली ती शेजारी बसणाऱ्या, नव्यानं नांदायला आलेल्या सत्यभामेनं. माय परत आली तेव्हा जागा शिंपडलेली होती. पोर वाचलं आणि पोटही वाचलं, असं माय मरेपर्यंत सांगत होती.

तीच सत्यभामा त्या हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणाला अचलपूरला गेली. जाताना टोपलं पालथं घालून गेली. शिट्टी वाजली. म्युनिसिपालटीचा जमादार त्या टोपल्यापाशी थांबला आणि फेरीवर आलेल्या खुशालरावांकडे पाहू लागला. टोपलं कोणाचं, हे त्यांना ओळखू आलं होतं. एक शब्द बोलले असते तर भागलं असतं. पण आजूबाजूला लोक पाहत होते, आपल्याच माणसासाठी नियम वाकवला म्हटलं असतं कोणी. त्यांनी मान हलवली. जमादारानं पायानं टोपलं बाजूला सारलं आणि जागा दुसऱ्याला देऊन टाकली. त्या दिवशी खुशालरावांना भाकर गोड लागली नाही, आणि त्यांनी ते बायकोला, सुभद्रेलाही सांगितलं नाही.

सत्यभामा आली तेव्हा तिच्या जागेवर माणूस बसलेला. ती भांडली, तर शिपायानं तिची मेथी ओळीबाहेरची म्हणून उचलून नेली. मग ती बाजारात दिसेनाशी झाली. दारोदार फिरते असं कळलं. या वयात, डोक्यावर ओझं घेऊन.

खुशालरावांनी मिटिंगीत विषय काढला. अध्यक्षांनी शांतपणे ते शेवटचं कलम वाचून दाखवलं. तर मग कलमच बदला, खुशालराव म्हणाले. बाकीचे हसले. लोक खूश आहेत, एका बाईसाठी चाललेलं का मोडायचं? मतं घेतली. खुशालरावांचा हात वर झाला आणि वामनरावांचा. वामनराव काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं खुशालरावांना वाटलं. हुकूमशहाच्या देशात निदान एकाच्या नावानं बोटं मोडता येतात. इथं सगळ्यांनी हात वर करून केलेलं, आणि पहिला हात त्यांचा स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते सत्यभामेच्या घरी गेले. पायांवर डोकं ठेवायचं, आपल्याच मळ्याच्या दारात बसून विक म्हणायचं, असं काय काय ठरवून. ती ओसरीवर टोपल्यात सांबाराच्या जुड्या लावत होती. दारात सावली पडली तशी तिनं वर पाहिलं, झटकन लुगड्याचा पदर टोपल्यावर ओढला आणि वरून हात ठेवला.

"साहेब, हे विकाचं नाई," ती म्हणाली. "घरी खाचं हाय."

 खुशालराव तिथंच उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"मावशी, मी खुशाल."

"मालूम हाय," ती म्हणाली. टोपल्यावरचा हात तिनं काढला नाही.