डोलकाठीखालची मावशी

इनास मास्तरांवर अन्याय झाला तो १९३८ साली, नाताळाच्या आदल्या शनिवारी सकाळी. उत्तनच्या त्यांच्या ओट्यावरून फौजदाराने नाण्यांचा डबा उचलला आणि जाहीर केलं, की हा जमिनीतून उकरलेला ठेवा आहे, सरकारचा आहे. पुरावा काय? एका म्हाताऱ्या शाळामास्तराकडे युरोपातल्या राजांची चांदी कुठून येणार, एवढाच! डबा टांकसाळीत वितळणार होता आणि मास्तर तुरुंगात जाणार होते.

ती चांदी कुठून येई, ते अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक होतं. आमच्याकडे नवी होडी बांधताना डोलकाठीच्या बुडाखाली चांदीचं नाणं खिळ्याने ठोकतात. आजे-पणजे हाताला येईल ते ठोकत. पोर्तुगालचं, स्पेनचं, नाहीतर अरबांच्या गलबतांतून आलेलं ऑस्ट्रियाच्या राणीचं. होडी मोडीत निघाली की मास्तर हजर. नव्या होडीसाठी चालू रुपया द्यायचा, जुनं नाणं घ्यायचं. "राजे गेले रे, पन त्यांची तोंडं आपल्या होडीखाली हायत," म्हणायचे. त्या गुबगुबीत राणीला ते मावशी म्हणत. नाण्याला चिकटलेलं होडीचं डांबर घासू मात्र देत नसत. "डांबर राहू दे. तो तिचा पत्ता हाय."

मी त्यांचा जुना विद्यार्थी. संतापून पत्रक लिहून नेलं, 'जुलमी फौजदाराचा धिक्कार असो!' मास्तरांनी ते शांतपणे वाचलं. "छान ओरडलायस. पन त्याला ऐकू न्हाय येत. दिसतं का बघू."

चौकीत जाऊन फौजदाराला त्यांनी नाण्यांवरची खिळ्याची भोकं दाखवली. "मग चोरीचे दागिने असतील!" तो म्हणाला. तेव्हा मास्तर त्याला थेट किनाऱ्यावर घेऊन गेले. गावातल्या मार्थाबाई कोळणीच्या आज्याने बांधलेली होडी त्याच दिवशी मोडायला काढली होती.

"मास्तर, आत काय न्हाय निघालं तं?" मार्थाबाईने विचारलं.

"तं तुरुंगात सुकट आणून दे. वाकटी नको, ती मासळी चिवट, दात न्हाय मला."

मार्थाबाईनेच पहार घातली. डोलकाठीचा ठोकळा उचकटला. खाली नुसतं काळं डांबर. फौजदार हसला. बाईने नखाने डांबर खरवडलं आणि किंचाळली, "मावशी गो! मावशी!"

राणीच आरपार खिळलेली होती, भोकासकट, डांबरासकट.

संध्याकाळी डबा परत आला. माफी आजतागायत आलेली नाही. मास्तर डबा मांडीवर घेऊन ओट्यावर टेकले आणि दिवसभर कोंडलेला श्वास त्यांनी सोडला. "मावश्या घरी आल्या," एवढंच म्हणाले.

गेल्या पावसाळ्यात मास्तर झोपेतच गेले. डबा आता आमच्या शाळेत आहे, सुरक्षित. पण लढाईने चांदीचा भाव चढलाय आणि सोनार किनाऱ्याकिनाऱ्याने फिरतायत. म्हणून विनंती नाही, बजावतो: होडी मोडाल तेव्हा आधी डोलकाठीखाली बघा. नव्या होडीला रुपया ठोका. आणि जुनं नाणं, न घासता, शाळेत आणून द्या.