मोहरीएवढं मलम
मुलीच्या इसबासाठी डॉक्टरीणबाईंनी दिलेलं मलम मी तिला पंधरा दिवस नावापुरतंच लावलं. झाशीची कोरडी थंडी, त्यात लोकरीचा स्वेटर. पोर कोपराची खोबण खाजवून खाजवून शाळेच्या शर्टाला रक्ताचे ठिपके पाडत होती. पण ट्यूबवर ‘स्टेरॉईड’ वाचलं आणि माझ्यातला गुप्तहेर जागा झाला. ओरछा गेटजवळ राहणाऱ्या एका ओळखीच्याने कुणालाही न विचारता तसलंच मलम महिनोन्‌महिने चोपडून तोंड लालबुंद करून घेतलं होतं. बाई आणि औषधवाला आतून मिळालेले असणार, असं मी ठरवूनच टाकलं. बाईंनी सांगितलं होतं, बोटाच्या एका पेरावर मावेल एवढं, दिवसातून दोनदा. मी आधी ट्यूब संशयाने हुंगायचो, मग मोहरीएवढं लावायचो आणि बायकोला छातीठोकपणे सांगायचो, “लावलं!” पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा बाईंनी आधी कोपर पाहिलं, मग ट्यूब दाबून पाहिली. ती टम्म भरलेली. “भाईसाहब, मैंने पंद्रह दिन का नापकर दिया था. बच्ची खुजाती रही, और ये वैसी की वैसी?” बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागलो. लेक मात्र खुर्चीतून पुढे सरकली. “आंटी, अब ट्यूब मम्मी को दीजिए. पापा लगाते कम हैं, सूँघते ज़्यादा हैं.”