पंधरावं नाव

हेमंतदादा गेला तेव्हा आमचं चार दिवस बोलणं बंद होतं.

चूक माझी होती. आज वर्ष झालं, म्हणून इथे लिहितोय. खरं तर लिहायचंही त्राण नाही.

भांडण कशावरून? बास्केटबॉलवरून.

हसा खुशाल. बोईसरच्या एमआयडीसीत, कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर बसून आम्ही चौघं अमेरिकेतली एक खरी टीम कागदावर चालवायचो. मी, प्लँटमधला माझा सीनियर हेमंतदादा, तिथलाच सुरेंदर आणि चुरी सर. शाळेत पीटी शिकवणारे सर. मला आणि दादाला बॉल हातात दिला तो त्यांनीच, दोघांना वेगवेगळ्या वर्षी.

टीमचं नाव सांगत नाही. सांगण्यासारखं काही जिंकलेलं नाही.

सीझन संपला की आमचा सीझन सुरू. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोण फ्री एजंट, म्हणजे करार संपून मोकळा झालाय, कोणाला आणायचं.

आमची एक पद्धत होती. जून संपला की टपरीवाला कॅलेंडरचं पान फाडून आम्हाला द्यायचा. त्याच्या पाठीमागे पुढच्या वर्षीची टीम लिहायची. पंधरा नावं. अक्षर सरांचं.

आणि रूल एकच, दादाने केलेला. जुन्या खेळाडूला काढायचं तर चौघांचं मत पाहिजे. एक जरी नाही म्हणाला तरी तो राहणार.

आमच्या टीममध्ये एक म्हातारा सेंटर होता, बास्केटखाली खेळणारा उंच गडी. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. आम्ही त्याला आजोबा म्हणायचो.

"माज्याहून सात वर्सांनी ल्हान हाय तो," दादा चिडायचा. "आनी तुमी त्याला आजोबा म्हनता!"

गेल्या वर्षी चौदा नावं झटपट झाली. पंधराव्यावर गाडी अडली. सुरेंदरला नवा पोरगा हवा होता. दरवर्षी हवा असतो. सरही तयार झाले. दादा एकटा आडवा.

"गुडघा गेलाय त्याचा, डोकं नाय गेलं. बेंचवर बसून पोरांना सांगाया पन एक मानूस लागतो."

मी लागोपाठ दोन डबल ड्युट्या करून आलो होतो. डोकं तापलेलं होतं. हे कारण नाही, फक्त सांगतोय.

मी म्हणालो, "दादा, तू त्याची बाजू घेणारच. तू पण पाय ओढतच कामाला येतोस. तुझ्या वाट्याच्या शिड्या सुरेंदर चढतो."

भर टपरीवर. दहा-बारा लोकांसमोर.

दादाचा गुडघा इतका गेलाय की शिडी चढवत नाही, हे आम्हा तिघांनाच माहीत होतं. कॉन्ट्रॅक्टरला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरूनच परत पाठवलं असतं. ते झाकायचं म्हणून सुरेंदर गुपचूप त्याच्या शिड्या चढायचा. आणि मी ते असं चव्हाट्यावर आणलं.

सुरेंदरने ग्लास खाली ठेवला. "ये नहीं बोलना था भाई."

दादा मग उठला.

"लिवा तुमाला काय लिवायचं तां. माजं मत नाय."

आणि सालवडला घरी निघून गेला. पान तसंच राहिलं, चौदा नावांचं.

त्या आठवड्यात त्याची थर्ड शिफ्ट, माझी फर्स्ट. सकाळी सातला तो मला चार्ज देऊन घरी निघायचा. चार्ज तोंडी द्यायचा असतो, कुठला व्हॉल्व्ह उघडा, कुठली मशीन कुरकुरतेय. रजिस्टरमध्ये नुसती सही.

त्या चार दिवसांत दादाने तोंडी काही सांगितलं नाही. सगळं रजिस्टरमध्ये लिहून ठेवलं. मीही वाचायचो, सही करायचो. मान वर करायचो नाही.

रोज ठरवायचो, उद्या बोलू. माझा माज, दुसरं काय.

गुरुवारी त्याने लिहिलं होतं, "पंप नं. २ गरम होतो. हात लावू नको. कानाने बघ."

मी नवीन होतो तेव्हा यानेच मला पंपाजवळ उभं केलं होतं. "डोले मीट. आता आईक. चांगल्या पंपाचा आवाज कसा येतो तां आदी शिक." सहा महिने रोज. माझ्या हाताला एकदाही चटका बसला नाही, तो त्याच्यामुळे.

मी सही केली. तो हेल्मेट खुंटीला अडकवून पाय ओढत गेटकडे गेला.

दुपारी छातीत दुखलं. दवाखान्यात नेताना रिक्षातच गेला.

नोकरी शेवटपर्यंत टिकली त्याची. टपरीवरच्या कोणी तोंड उघडलं नाही. तोंड उघडणारा मी एकटाच.

या वर्षी आजोबाला टीमने सोडलं. दुसऱ्या कोणी घेतलं नाही. रिटायर होणार म्हणतात.

गेल्या रविवारी टपरीवाल्याने न मागता जूनचं पान आणून दिलं. आम्ही तिघं बसलो. कोणाचंच मन नव्हतं. चौदा नावं कशीबशी झाली.

सर म्हणाले, "पंधरावं?"

सुरेंदर म्हणाला, "आजोबा को निकालना है तो चार वोट लगेंगे. रूल है."

सर चष्मा पुसत बसले.

मी त्यांच्या पुढ्यातलं पेन घेतलं आणि आजोबाचं नाव लिहिलं. माझं अक्षर घाण आहे, पण वाचता येतं.

पान टपरीच्या आत, चहाच्या डब्यांच्या वर लावलंय. या बाजूला आलात तर बघा.

दादा, माझं चुकलं. हे टपरीवर, त्याच दहा-बारा लोकांसमोर म्हणायला हवं होतं. रविवारी म्हणालो. तू तेवढा नव्हतास.

श्रद्धांजली वगैरे मला जमत नाही. तुझा चार्ज तोंडी घ्यायचा राहिला, तो आज घेतो.

पंप नंबर दोन बदलला. कान लावून ऐकला. आवाज चांगला आहे.

तू नीघ आता.