तांड्याची चढती रेघ

सुनील आडेसारखा कामाला वाघ माणूस आमच्या कार्यालयात दुसरा नाही, आणि त्याच्यासारखा करंटाही नाही. हे मी चिडून लिहितोय. त्याचं टेबल माझ्या टेबलाला लागून आहे, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

आर्णीकडच्या तांड्यावरचा सुनील यवतमाळात खोली करून राहतो. कंत्राटावरचं काम एकच: गावोगावच्या विहिरींच्या मापांची फाइल वेबसाइटवरच्या आलेखाला जोडायची. आकडे बाहेरून आले की रेघ आपोआप निघते, आणि ती पाहून साहेब टँकरची यादी करतात. साठ गावांचा आलेख पहिल्यांदा उमटला, तेव्हा पठ्ठ्यानं सगळ्यांना चहा पाजला.

मार्चपासून त्याच्या तांड्याची रेघ चढू लागली. त्यानं आईला, लालीबाईला, फोन लावला. "याडी, आपली विहीर साऱ्याइच्या वर हाये!"

"घागर भरायले दोन घंटे लागून राह्यले रे," ती म्हणाली. "पण तू पाह्यलं, तं असनच."

आईपेक्षा आलेख खरा मानणारा हा शहाणा!

एप्रिलात यादी लागली. तांडा तिच्यात नव्हता. सुनील धावत घरी गेला, तर विहिरीत खडक उघडा पडलेला. बाकी गावांत काठी तळाला टेकवून उभं पाणी मोजतात. तांड्यावर रामधन नाईक गाठींचा दोर काठावरून सोडतात आणि पाणी किती खाली गेलं ते मोजतात. पाणी आटेल तसा त्यांचा आकडा वाढतो. लहानपणी त्या गाठी सुनीलनंच मोजल्या होत्या, पण फाइल जोडताना त्याला ते आठवलं नाही.

त्यानं त्याच दिवशी आलेख दुरुस्त केला. साहेबांनी पाहिला आणि मान हलवली. "यादीवर सह्या झाल्या, आडे. तांड्याचा एखादा अर्ज आला असता, तरी मी काही केलं असतं."

सुनीलनं टेबलावर येऊन घरी फोन लावला. "याडी, टँकरसाठी अर्ज काहून नाही देला?"

लालीबाईचा आवाज मलाही ऐकू आला. "बाया निंगाल्या होत्या रे तहसीलले. मीनंच अडोलं. म्हनलं, माह्या पोरानं पाह्यलं हाये, पानी हाये."