आमच्या गेटवर बस थांबत नव्हती तेव्हा

सरकारी कॉलनीत राहिलं की किस्से जमवावे लागत नाहीत, शेजारीच रोज एखादा आणून देतात. दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये तर जिन्यागणिक एक खातं! अख्ख्या देशाची धोरणं आखणारी मंडळी. त्यांची खरी परीक्षा झाली ती एका बसस्टॉपवरून.

स्टॉप हवा होता साठेकाकूंना. काका हॉस्पिटलमध्ये, काकूंचे गुडघे कुरकुरणारे, हातात रोजचा डबा. बस जायची आमच्या गेटवरूनच, पण थांबायची मोठ्या रस्त्यापलीकडे. काकूंना तो रस्ता ओलांडताना बघून माझा जीव वरखाली व्हायचा.

*

मीटिंग भरली. रस्ते खात्याचे चोप्रासाहेब नकाशा घेऊन आले. पट्टी लावून म्हणाले, "स्टॉप तो बिल्कुल पास है, जी!"

पट्टी दोन बिल्डिंगा आणि एका भिंतीतून आरपार गेली होती.

"भाईसाब, मैं उड़के थोड़ी जाऊँगी?" काकू म्हणाल्या.

*

मग अर्थ खात्याचे घोषबाबू. एका बाईसाठी बस थांबवली तर आतल्या सगळ्यांचा वेळ फुकट जातो, असं त्यांनी अगदी तळमळीनं समजावलं.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तो फिर बस कहीं रुकवाओ ही मत. सबका टाइम बचेगा!"

*

आकडे खातं म्हणजे आमचे हे, दामले. सकाळभर गेटवर खुर्ची टाकून बसले आणि मीटिंगमध्ये जाहीर केलं, "गेटवर बसची वाट पाहणारे शून्य. म्हणजे मागणीच नाही!"

"अहो, स्टॉपच नाही तर वाट कोण बघेल?" मी म्हटलं.

"ते तुझं मत. हा डेटा आहे."

घरी आल्यावर मी त्यांना नुसतं रिकामं ताट वाढलं. "भाजी?" म्हणाले.

"आत्तापर्यंत मागितलीत कुठे? मागणी शून्य!"

माणूस मनाचा सरळ. हसले, आणि फेरमोजणी ठरली.

*

सोमवारी आम्ही सगळ्या बायका विणकाम घेऊन गेटवर उन्हात उभ्या. हे पेन काढून मोजायला लागले, तेवढ्यात बस आली. एवढी गर्दी बघून ड्रायव्हरनं आपणहून ब्रेक मारला! आम्ही भराभर चढलो. काकूंचा मात्र पायरीवर पाय उचलेना.

"दामले, ते पेन खिशात ठेवा आणि माझा डबा धरा!"

यांनी डबा धरला, काकूंना हात दिला आणि मागोमाग स्वतःही चढले. थेट हॉस्पिटलपर्यंत गेले, काकांशी गप्पा मारून आले.

संध्याकाळी मीटिंगमध्ये चोप्रासाहेबांनी विचारलं, "दामलेजी, आज का फिगर?"

"शून्य," हे म्हणाले. "सब बस में थे."