पहिल्या नंबरची बॅटरी

माझा माणसांवर चटकन विश्वास बसत नाही. भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं विजेची देखभाल केली. तिथे प्रत्येक बिघाडामागे शेवटी कोणीतरी माणूस निघायचा आणि प्रत्येक माणूस म्हणायचा, "मी हातसुद्धा लावला नाही." त्यामुळे हा स्वभाव अंगात मुरला. आमची ही म्हणते, "तुम्ही आरशात बघतानासुद्धा ओळखपत्र मागाल." मागेनही.

निवृत्तीनंतर कर्वेनगरच्या घरात बसून कंटाळलो, तेव्हा कात्रजच्या पुढच्या एका बागायतदाराने बोलावलं. बरीचशी जमीन विकून उरलेल्या तुकड्यात त्यांनी बाग आणि तळं केलं होतं. सहलीला येणाऱ्यांसाठी विजेवर चालणारी बोट घेतली होती. पुढच्या बाकाखाली एकामागे एक जोडलेल्या चार बॅटऱ्या, त्यांच्यावर चालणारी मोटर. आठवड्यातून दोनदा जाऊन ती वीज बघणं माझं काम. बोट चालवायला त्यांच्याच गावातला पंचावन्न वर्षांचा नावाडी होता. त्याची शेती केव्हाच गेली होती आणि या बोटीखेरीज त्याला दुसरा रोजगार नव्हता.

बोटीच्या पूजेच्या दिवशी नाकाशी ठेवलेल्या गणपतीच्या फोटोपुढची समई वाऱ्याने सारखी विझत होती. मालकांचा चेहरा पडला. मी लगेच स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब आणला, हाताशी असलेल्या बॅटरीवरून दोन वायरी ओढल्या आणि पाच मिनिटांत देवापुढे उजेड केला. "साहेब, अखंड दिवा झाला!" मालक म्हणाले. मलाही बरं वाटलं. पुढे दर वेळी बोटीत पाय ठेवताना मी त्या दिव्याला हात जोडायचो.

वर्षभराने बोट दगा देऊ लागली. रात्रभर चार्ज करूनही पूर्वी बारा फेऱ्या व्हायच्या, त्या पाचावर आल्या. एका रविवारी मालकांचे व्याही बोटीत असताना ती तळ्याच्या मधोमध थांबली. नावाड्याने वल्ही मारत काठाला आणली. मालकांनी मला फोन केला आणि त्यात नमस्कार नव्हता.

मी मीटर लावला. तीन बॅटऱ्या ठणठणीत आणि पहिली मरगळलेली. चारही एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच चार्जरवर चार्ज होणाऱ्या. मग ही एकटीच म्हातारी कशी? माझं मन लगेच पुढे धावलं. कोणीतरी आमची चांगली बॅटरी काढून जुनी बसवली असणार. बाकाखालच्या बॅटऱ्यांच्या पेटीची किल्ली नावाड्याकडे.

मग पाण्याकडे लक्ष गेलं. बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन महिनाभर पुरायचा, तो पंधरा दिवसांत रिकामा. झाकणं उघडून बघितली तर पहिलीत पाणी पुरेपूर आणि उरलेल्या तिघींत तळाला. म्हणजे गडी एकीतच भरतो आणि बाकीचं बाहेर विकतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "साहेब, मी समद्यांत सारखंच भरतो. त्या तिघी लई पितात, ही पीतच न्हाई." मला हसूच आलं. म्हटलं, बॅटरीला काय उपास आहे?

मी कॅन कुलपात ठेवला. घरून नेलपॉलिशची बाटली नेली आणि प्रत्येक बॅटरीच्या बुडाशी, सहज दिसणार नाहीत असे ठिपके दिले. एक, दोन, तीन, चार. बाटली परत ठेवताना ही म्हणाली, "बॅटऱ्यांचं लग्न ठरलंय का?"

मालक म्हणाले, "साहेब, तुम्ही फक्त नाव सांगा." मी म्हणालो, "संशय नावाड्यावर आहे." संशय हा शब्द मी वापरला, पण आवाजात खात्री होती. त्याच दुपारी मालकांनी त्याची किल्ली काढून घेतली आणि त्याला घरी पाठवलं. जाताना त्याने वल्ही पुसून जागेवर ठेवली. मला तीही चोराचीच खूण वाटली.

मग मी पद्धतशीर कामाला लागलो. पहिली बॅटरी काढून एकटीच पूर्ण चार्ज केली, तिसरीच्या जागी बसवली आणि तिसरी पहिल्या जागी आणली. बोट मालकांचा पुतण्या चालवू लागला. बॅटरी जुनी असेल तर नव्या जागीही ती लोळणारच होती.

आठ दिवसांनी मीटर लावला. जिला मी म्हातारी म्हणत होतो, ती तिसऱ्या जागी टवटवीत. पहिल्या जागेवरची मात्र मरगळलेली. माझा पहिला विचार काय आला सांगू? तो चोरून येऊन पुन्हा अदलाबदल करून गेला! मी वाकून ठिपके बघितले. पहिल्या जागी तीन ठिपके, तिसऱ्या जागी एक. त्याला पकडायला लावलेल्या खुणा त्याची साक्ष देत होत्या. बॅटरी कोणी बदलली नव्हती. रोग बॅटरीत नव्हता, जागेत होता.

मी बाकावर बसलो. पहिल्या जागेला असं काय चिकटलं आहे, जे बाकी तिघींना नाही? समोर गणपती होता आणि त्याच्यापुढे माझा दिवा, भर उन्हात पेटलेला.

दिवस-रात्र तो पहिल्या जागेवरच्या एकट्या बॅटरीचं रक्त पीत होता. ती अर्धपोटी राहायची म्हणून चार्जर दामटत राहायचा आणि आधीच चार्ज झालेल्या तिघी उकळून पाणी उडवायच्या. नावाडी अक्षर न् अक्षर खरं बोलला होता. कारखान्यात असली जोडणी दुसऱ्या कोणी केली असती तर मी त्याला उभा सोलला असता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

वायरी उपटल्या, मालकांना सगळं सांगितलं आणि तसाच नावाड्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर शेंगा सोलत होता. मी म्हणालो, "चूक माझी होती. त्या दिव्याने सगळा घोळ केला." त्याने हातातली शेंग सोलून टाकली. मग म्हणाला, "दोनदा बलब गेला हुता साहेब. म्याच नवा घातला. म्हनलं, तुमच्या हातचा दिवा हाय, इझाया नको."

मी माफी मागितली. तो "असूंद्या" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी कामावर आला. बोट पुन्हा बारा फेऱ्या मारू लागली. कॅनचं कुलूप मी माझ्या हाताने काढून फेकलं.

पण त्यानंतर मी तिथे होतो तोवर, पाणी भरायच्या आधी तो कॅन उचलून माझ्यासमोर धरायचा. "साहेब, किती हाय बघून घ्या." मी म्हणायचो, "अहो, कशाला? भरा तुम्ही." तो कॅन तसाच धरून उभा राहायचा आणि मी बघितल्याशिवाय झाकण उघडायचा नाही.