सहा माणसं, सहा काप

आमच्या घरी कोंबडी शिजायची तेव्हा रश्शात बटाटे असायचेच. कुणाला आवडायचे म्हणून नव्हे. बिबवेवाडीत टेकडीच्या उतारावर पत्र्याच्या दोन खोल्या, आप्पा मार्केट यार्डात हमाल, आणि खाणारी तोंडं सहा: आप्पा, आई, आप्पांची विधवा बहीण म्हणजे आमची आत्या, मी आणि माझ्या पाठचे दोन भाऊ. अर्धा किलो कोंबडी सहा जणांना पुरवायची तर पाणी आणि बटाटा याशिवाय इलाज नव्हता. आप्पा आणि भाऊ आधी बसायचे, फोडी त्यांच्या ताटात जायच्या. मग आत्या, आई आणि मी. तोवर तर्री संपलेली, रस्सा कोमट, तळाशी बटाटे. आमच्या घरात बटाटा हा बायकांचा पीस होता.

यात कुणी दुष्ट नव्हतं. आप्पांची पाठ पोती वाहून रोज सोलवटून यायची, त्यांना नको म्हणणार कोण? भाऊ वाढत्या वयाचे. आईला विचारलं तर ती म्हणायची, "वाढता वाढताच पोट भरतं गं." बरीच मोठी होईपर्यंत मला ते खरं वाटत होतं. मग एकदा तिच्या जागी मी वाढलं, आणि माझं काही भरलं नाही.

मी बी. कॉम. झाले. आईकडच्या आणि आप्पांकडच्या, दोन्ही घराण्यांत पहिली. हे मी लाजूनबिजून सांगणार नाही. अभ्यास मीच केला होता. पुढं हिंजवडीला एका कंपनीत लागले. सकाळी कंपनीच्या बसने जायचं आणि संध्याकाळी त्याच बसमध्ये दीड-दीड तास आंबून परत यायचं. शेजारच्या टेबलावर नारायण पेठेतली एक मुलगी होती. तिच्या घरी अंडंसुद्धा चालत नसे, त्यामुळे कँटीनमध्ये ती न चुकता कोंबडी घ्यायची. "आईचा फोन आला तर आज मी पालक खाल्लाय," एवढीच तिची अट.

तिच्याबरोबर तिथे मी पहिल्यांदा एक नवाच प्रकार खाल्ला. कोंबडीच्या छातीचा पातळ, पसरट तुकडा, वरून खरपूस, आत मऊ. मला चवीपेक्षा दुसरंच काहीतरी दिसलं. साहेबांच्या ताटात एक होता, माझ्याही ताटात एक. तेवढाच. बटाटाही होता, पण शेजारी, शोभेला.

हे म्हणजे आपले वांग्याचे काप करतात तसेच की, मी म्हटलं. तिखट-मीठ लावायचं, रव्यात घोळवायचं, तव्यावर परतायचं. सहा माणसं, सहा काप. आईच्या ताटात एक अख्खा, गरम काप गेला पाहिजे, एवढं मी बसमध्येच ठरवून टाकलं.

आमच्याकडे भाकरीच्या तव्याला मांसाचा स्पर्श चालत नाही. म्हणून तुळशीबागेतून वेगळा पसरट तवा आणला. तो बघून आत्या म्हणाली, "शिकल्याली पोरगी हाय बाई. हिच्या कोंबडीलाबी सवतं बिऱ्हाड लागतं."

बुधवारी बसमधून उतरले ती थेट चिकनच्या दुकानात. हाडाशिवाय छातीचे सहा तुकडे मागितले तर दुकानदार म्हणाला, "रस्सा बेचव होईल ताई." रस्सा करायचाच नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी कोंबडी पाळायला नेतेय.

आईने धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या दुधाच्या पिशव्या मी घेतल्या, एकेक तुकडा दोन पिशव्यांमध्ये धरून वरवंट्याने ठोकून सारखा पसरट केला. आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ, लिंबू. वरून रवा आणि थोडं तांदळाचं पीठ. तवा तापला, चार काप बसले, छान चर्र आवाज झाला. मी हात धुवायला मोरीत गेले.

परत आले तर तव्यावर ताट, ताटात पाणी.

"आई, हे काय केलंस?"

"कोंबडी कच्ची राहिली म्हणजे? आपण नेहमी ठेवतो तसंच ठेवलंय."

तिचं चुकलं तरी कसं म्हणू? आयुष्यभर तिने कोंबडी अशीच शिजवली होती: वर ताट, ताटात पाणी, म्हणजे आतली वाफ आतच राहते आणि रश्शाला लागलं तर वरचं पाणी गरम मिळतं. पण रव्याला वाफ म्हणजे मरण. ताट उचललं तेव्हा रवा ओल्या पोपड्यांसारखा सुटून तव्याला चिकटला होता.

"ताई, कोंबडी आंघोळ करून आली का गं?" धाकटा म्हणाला. म्हणाला आणि दोन खाल्ले. जसजसे काप उतरत गेले तसतसे पहिल्या पंगतीत जात राहिले. आत्याला एक मिळाला, माझ्या वाट्याचा अर्धा मी आईकडे सरकवला, तो तिने मोठ्याच्या ताटात टाकला. मग तवा खरवडून निघालेला रवा भाकरीवर घेऊन ती जेवली. "चांगला लागतोय," म्हणाली.

बटाटा बरा होता, असं मला वाटून गेलं.

आठवडाभर बसमध्ये माझ्या डोक्यात तेच. पदार्थ मी बदलला होता, पण वाढायची पद्धत तीच ठेवली होती. त्यात झटपट होणाऱ्या पदार्थाची एक गोम असते: तव्यावरून उतरला की लगेच खायचा, म्हणजे जी तव्यापाशी उभी तिला शेवटी. रस्सा निदान सगळ्यांना एकाच पातेल्यातून मिळायचा. मी तसाच दुसरा तवा आणला. आत्या या वेळी नुसती हसली. ते जास्त लागलं.

पुढच्या बुधवारी आधी सहा ताटं मांडली. प्रत्येकात भाकरी, कांदा, लिंबाची फोड. मग दोन्ही शेगड्यांवर दोन तवे, प्रत्येकावर तीन काप. आईचा हात सवयीने ताटाकडे गेला.

"झाकायचं नाही."

"आणि कच्ची राहिली तर?"

दोन्ही बाजू तांबूस झाल्यावर मी एक काप काढला आणि मधोमध चिरून तिच्यापुढे धरला. आत पांढराशुभ्र, कुठे गुलाबी नाही. तिने बोटाने दाबून पाहिला, वास घेतला, पुन्हा दाबला. "शिजलाय," ती म्हणाली, जरा नाराजीनेच. तो चिरलेला काप मी माझ्या ताटात टाकला आणि बाकीचे पाच, पाच ताटांत.

आप्पांनी भाकरी मोडली.

"आप्पा, थांबा. आई बसू दे."

भावांनी माना खाली घातल्या. आप्पांना जेवताना थांबा म्हणणारं आजवर कुणी नव्हतं.

"तुमच्या कॉलेजात हेबी शिकवत्यात काय?"

"नाही आप्पा. हे घरीच शिकले."

आई पुढे झाली. "अहो, तुम्ही घ्या. काय पोरीच्या नादी लागता! मी मागनं बसते."

"मागनं नाही," मी म्हटलं. "हा गार झाला की त्याचं चामडं होतं. गारच खायचा असेल तर पुढच्या बुधवारी मी करत नाही. कुणालाच."

माझा आवाज चढला होता. आप्पा ताटाकडे बघत राहिले. आता हे उठून गेले तर आई जन्मात त्यांच्याबरोबर बसणार नाही, हे मला कळत होतं.

तेवढ्यात आत्या आपलं ताट घेऊन आली आणि आप्पांच्या समोरच मांडी घालून बसली. "बस की गं वहिनी," ती आईवर खेकसली, "तुझ्यापायी माझंबी गार हुतंय."

आप्पांनी बहिणीकडे पाहिलं. मग मोडलेली भाकरी ताटात ठेवली आणि भावांना म्हणाले, "सरका रे. तुमच्या आईला जागा करा."

आई बसली. अवघडून, एक पाय दुमडून, कधीही उठावं लागेल अशी. दोनदा उठायला गेली, एकदा पाण्यासाठी आणि एकदा मिठासाठी. दोन्ही वेळा मी आधी उठले. तिने कापाचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि बोटं झटकली.

"भाजलं की गं," ती म्हणाली.

त्यानंतर तिने तो काप पुरा खाल्ला. कुणाच्या ताटात टाकला नाही. त्या बुधवारपासून आमच्या घरी सहाही माणसं एकाच वेळी जेवायला बसू लागली.